कल्याण ते फिलाडेल्फिया : आनंदीबाई जोशी यांच्या पत्रांतील परदेशवास आणि संसार

१

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात परदेशवासाचा विचार प्रायः प्रवासवर्णनाच्या अनुषंगाने होत आला आहे. प्रवासी जातो, पाहतो, परत येतो आणि जे पाहिले ते स्वकीयांना सांगतो, असा या प्रकाराचा रूढ कृतिबंध आहे. त्यात परत येणे गृहीत असते. किंबहुना परत आल्याखेरीज निवेदन सुरूच होत नाही. परंतु परक्या देशात ज्याला चूल मांडावयाची आहे, तेथील थंडीत रोज कामावर किंवा अध्ययनासाठी बाहेर पडावयाचे आहे आणि घरी राहिलेल्या माणसांना आपल्या वागण्याचा जाबही द्यावयाचा आहे, त्याचा अनुभव या चौकटीत मावत नाही. प्रवासी आणि परदेशस्थ संसारी हे दोन वेगळे निवेदक आहेत. पहिल्याचे साहित्य छापील पुस्तकाच्या रूपाने आढळते. दुसऱ्याचे बव्हंशी पत्रांत असते, आणि पत्रांकडे मराठी समीक्षेने चरित्राचे साधन म्हणूनच पाहिले आहे.

या दुर्लक्षाची किंमत ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांना विशेष जाणवण्यासारखी आहे. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचा भाऊ किंवा मामा परदेशी नोकरीत असणे, सुनेच्या बाळंतपणासाठी आजी सहा महिने अमेरिकेत जाऊन राहणे, या आज येथील मध्यमवर्गीय घरांतल्या नित्याच्या गोष्टी आहेत. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये झाली आणि २००९ मध्ये विश्व मराठी साहित्य संमेलन सॅन होजे येथे भरले. म्हणजे संस्थात्मक पातळीवर या जीवनाची दखल घेतली गेली आहे. तरीही या जीवनाचा वाङ्मयीन पूर्वेतिहास कोणता, असा प्रश्न विचारला तर उत्तर सहसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू होते. वस्तुतः तो पूर्वेतिहास एकोणिसाव्या शतकात, कल्याणच्या एका घरापाशी जाऊन पोचतो. प्रस्तुत लेखात डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांच्या पत्रांचा विचार त्या दृष्टीने केला आहे.

आनंदीबाई मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. उलट त्या अतिपरिचित आहेत. पहिली हिंदू स्त्री डॉक्टर, ध्येयासाठी देह झिजविणारी तरुणी, हट्टी आणि विक्षिप्त पतीची आज्ञाधारक पत्नी, या प्रतिमा इतक्या पक्क्या झाल्या आहेत की त्यांच्या पत्रांतील लुगडे, जेवण, थंडी आणि टपाल या गोष्टी कथेच्या पार्श्वभूमीला ढकलल्या गेल्या. प्रस्तुत विवेचनाचे सूत्र असे की, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी पार्श्वभूमी नसून याच संहितेचा गाभा आहेत. आनंदीबाईंचा परदेशवास हा पत्रांतून चालविलेला संसार होता, आणि त्यातील प्रत्येक जुळवून घेण्याचा हिशेब मायदेशी द्यावा लागत होता.

२

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणे कल्याणच्या जोशांचे, एके काळी सधन आणि पुढे उतरती कळा लागलेले. त्या काळचे कल्याण म्हणजे खाडीकाठचे झोपी गेलेले जुने बंदर नव्हे. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि १८५४ मध्ये ती कल्याणास पोचली. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८६४ ची आहे. म्हणजे ते आनंदीबाईंहून एक वर्षाने वडील. रेल्वे, टपाल आणि वाचनालय या तीन गोष्टी ज्या गावात एका पिढीच्या अवधीत आल्या, त्या गावात नवव्या वर्षी मुलीचे लग्न टपाल खात्यातील एका कारकुनाशी होते, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. गोपाळराव जोशी मूळचे संगमनेरचे, बिजवर आणि पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीला शिकविण्याची मुभा असावी ही त्यांची लग्नापूर्वीची अट होती.

चरित्रकारांनी गोपाळरावांच्या स्वभावावर पुष्कळ लिहिले आहे. त्यांच्या नोकरीवर त्या मानाने कमी. टपाल खात्याची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता आणि शेवटी श्रीरामपूर (बंगालमधील, डॅनिश वसाहतीचे आणि बाप्टिस्ट मिशनचे श्रीरामपूर) असा या संसाराचा प्रवास आहे. नातेवाइकांच्या जाचातून पत्नीचे शिक्षण सोडविण्यासाठी कल्याण सोडणे भाग होते असे सांगितले जाते. ते खरे असले, तरी परिणाम असा झाला की आनंदीबाईंना घर मोडून नव्या गावी पुन्हा मांडण्याची सवय अमेरिकेच्या कितीतरी आधीच लागली. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वैद्यकीय शिक्षणाचा संकल्प त्या मृत्यूशी जोडला जातो. त्यानंतरची बिऱ्हाडेही अशाच फिरत्या संसारातली होती. सासर-माहेराच्या आधाराविना, परभाषिक शेजाऱ्यांत, पतीच्या पगारावर संसार करणाऱ्या स्त्रीचा एकटेपणा त्यांना बंगालमध्ये पुरेपूर भेटला. परदेश तेथूनच सुरू झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

अमेरिकेशी संबंधही टपालानेच जुळला. १८७८ मध्ये कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची आणि स्वतःच्या नोकरीची सोय अमेरिकेत होईल काय, अशी पृच्छा केली. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा सूचित करून हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या मिसेस कार्पेंटर यांनी ते नियतकालिक एका दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहताना वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. येथे नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की मूळ योजना पतिपत्नींनी एकत्र जाण्याची होती. पतीची नोकरी आणि पत्नीचे शिक्षण अशा जोड-उद्देशाने देशांतर करू पाहणारे हे कुटुंब आजच्या डोंबिवलीकराला मुळीच परके वाटणार नाही. योजना फिसकटली ती पतीची सोय होईना म्हणून. आणि मग त्या काळी अकल्पनीय वाटणारी गोष्ट घडली. पत्नी पुढे गेली आणि पती मागे राहिला.

३

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपल्याला सर्वत्र विचारले जाणारे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेला का जावयाचे, भारतात सोय नाही काय, एकटीने का जावयाचे, परतल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, काही अरिष्ट कोसळले तर काय, आणि स्त्रीजातीत कोणी केले नाही ते आपणच का करावयाचे. रस्त्याने शिकावयास जाणाऱ्या स्त्रीला सोसाव्या लागणाऱ्या टवाळीचे चित्रही याच भाषणात येते. भाषणाचा आवाज निर्भय आहे यात शंका नाही. पण त्याची रचना बारकाईने पाहिली तर ते उलटतपासणीला दिलेल्या जबानीसारखे आहे. प्रश्न आपले नाहीत, समाजाचे आहेत; उत्तरे आपली आहेत.

त्यांतील जातीबहिष्काराच्या प्रश्नाला दिलेले उत्तर पुढील तीन वर्षांचे भवितव्य ठरविणारे आहे. आपण येथे जशा राहतो तशाच तेथेही राहू, आहार आणि वेष बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा या उत्तराचा आशय आहे. मग बहिष्काराला कारण उरतेच कोठे, असा त्यांचा युक्तिवाद. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ असा होतो की, समुद्रोल्लंघनाचे पाप-पुण्य यापुढे ताटातील अन्नावर आणि अंगावरील वस्त्रावर मोजले जाणार. जाहीर सभेत दिलेला शब्द खाजगी खोलीत, रोज, थंडीच्या दिवसांत पाळावयाचा होता. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा त्यांच्या सामानात हा शब्दही होता.

लुगड्याचा प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणच्या हवेत ही सोय आहे. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात ती आजाराला निमंत्रण देणारी आहे. शिवाय त्या समाजाच्या सभ्यतेच्या कल्पनेत स्त्रीचे पाय दिसणे बसत नव्हते. आनंदीबाईंनी काढलेला मार्ग मोठा मार्मिक आहे. त्यांनी पाश्चात्त्य झगा स्वीकारला नाही आणि नऊवारीही चालू ठेवले नाही. गुजराती पद्धतीने पाय झाकतील अशी साडी त्या नेसू लागल्या. म्हणजे परदेशाशी तडजोड करताना त्यांनी देशातल्याच दुसऱ्या प्रांताची रीत उचलली. भूजमधील वास्तव्य येथे कामी आले असावे असा तर्क करण्यास जागा आहे. परंतु एवढ्या निर्णयासाठीही पतीला पत्राने कळवावे, त्यामागची कारणे द्यावीत, असे त्यांना वाटले. आज परदेशातील मुलगी थंडीचा कोट घेतल्याचे आईला सहज सांगते, त्या सहजतेशी या पत्रव्यवहाराची तुलना केली असता एका कपड्यावर किती भार टाकला गेला होता हे ध्यानात येते.

१८८५ मधील एक छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तीन विद्यार्थिनी त्यात शेजारी आहेत. साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली, त्याही आपल्या देशीच्या वेषात. या छायाचित्राचा उल्लेख बहुधा अभिमानाने होतो आणि ते योग्यही आहे. तथापि त्यात तिघींनीही आपापला देश अंगावर घालून कॅमेऱ्यासमोर यावे, ही अपेक्षा कोणाची होती, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आनंदीबाईंच्या बाबतीत तरी उत्तर दुहेरी आहे. यजमान देशाला तो वेष कौतुकाचा विषय म्हणून हवा होता आणि मायदेशाला धर्म न बुडाल्याचा पुरावा म्हणून. दोन्ही बाजूंनी पाहिले जात असताना मधल्या देहाला थंडी वाजते आहे, ही गोष्ट फक्त पत्रांत आढळते.

आहाराची कथा याहून वेगळी नाही. शाकाहार पाळून, परक्या बाजारात मिळेल ते घेऊन, अभ्यासाच्या ताणातून वेळ काढून स्वतःचे शिजवावयाचे, हा क्रम मुळातच अशक्त प्रकृतीच्या मुलीला पेलणारा नव्हता. (भारतात असतानाही डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांच्या तक्रारी त्यांच्या पत्रांत आहेत, आणि कार्पेंटरबाईंनी त्यासाठी औषधे पाठविली होती, सर्व दोष अमेरिकेच्या हवेवर टाकता येत नाही.) याच शिक्षणक्रमात त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. जे ज्ञान घेण्यासाठी त्या गेल्या त्या ज्ञानाच्या दालनात आपल्या घरचे काहीतरी नेऊन ठेवण्याची ही धडपड लुगड्याच्या गोष्टीशी आतून जोडलेली आहे.

४

आनंदीबाईंचा पत्रव्यवहार दोन भाषांत आणि मुख्यतः दोन व्यक्तींशी आहे. पतीला लिहिलेली पत्रे प्राधान्याने मराठी. मिसेस कार्पेंटर यांना लिहिलेली इंग्रजी. चरित्रकार दोन्हींचा उपयोग एकाच आनंदीबाईंच्या जीवनाचा तपशील भरण्यासाठी करतात. वाङ्मयीन दृष्ट्या मात्र येथे दोन निवेदिका आहेत असे मानणे अधिक उचित ठरेल.

कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. भेट होण्यापूर्वीच, केवळ पत्रांतून, हे नाते जुळले होते. मराठी नातेव्यवस्थेत मावशीचे स्थान विशिष्ट आहे. आत्या सासरच्या अधिकाराच्या जवळ जाते. मावशी माहेरची आणि आईच्या खालोखालची. स्वतःच्या आईकडून आनंदीबाईंना माया कमी आणि मार अधिक मिळाला, असे त्यांच्या लेखनातून दिसते. अशा मुलीने परक्या देशातील परधर्मीय स्त्रीला देण्यासाठी नेमके हे नाव निवडावे, यात परदेशवासाशी जुळवून घेण्याची एक खास मराठी रीत आहे. परक्याला नाते द्यावयाचे, म्हणजे तो परका राहत नाही. आजही परदेशातील मराठी मुले आईवडिलांच्या सर्व मित्रमैत्रिणींना काका आणि मावशी म्हणतात. त्या रीतीचा हा एक आरंभीचा लिखित दाखला मानावयास हरकत नाही. इंग्रजी पत्रांतील निवेदिका त्यामुळे मोकळी आहे. ती प्रश्न विचारते, चालीरीती समजावून देते, क्वचित आपल्या समाजावर टीका करते आणि क्वचित त्याची बाजूही घेते.

मराठी पत्रांतील निवेदिका हिशेब देणारी आहे. तिला आपल्या वागण्याचा, भेटींचा, खर्चाचा, वेषाचा खुलासा करावयाचा असतो. गोपाळरावांच्या पत्रांत उपदेशाबरोबर संशय आणि टोचणी असे. ज्याने पत्नीला शिकविण्यासाठी गाव सोडले त्यालाच ती शिकून दूर जाईल ही धास्ती वाटू लागली, ही विसंगती मानवी आहे आणि म्हणूनच ती समजून घेतली पाहिजे. पण समजून घेणे म्हणजे झाकणे नव्हे. आनंदीबाईंनी अमेरिकेहून लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी पतीकडून सोसलेल्या मारहाणीचा आणि धमक्यांचा उल्लेख कोणत्या वयात काय झाले अशा क्रमाने येतो. तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरविणे कठीण आहे, अशी त्या पत्राची भूमिका आहे. परिणाम पाहिला तर चांगले म्हणावे लागते. बालमनावर झालेला आघात पाहिला तर तसे म्हणवत नाही. आक्रोश नाही, आरोपही नाही. दोन्ही पारड्यांत वजने टाकून तराजू पतीच्याच हाती देणारे हे गद्य आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीगद्यात इतका संयत आणि इतका अस्वस्थ करणारा परिच्छेद क्वचितच सापडेल. हे पत्र समोरासमोर बोलून होणारे नव्हते. मध्ये दोन महासागर होते म्हणूनच ते लिहिता आले. अंतराने या संसारातील नाते जसे ताणले, तसेच त्यात पहिल्यांदा बरोबरीच्या बोलण्याला जागाही करून दिली.

या अंतराचे एक परिमाण काळाचे आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पत्र जाऊन त्याचे उत्तर येण्यास दोन महिन्यांहून अधिक अवधी लागे. म्हणजे रागाच्या भरात लिहिलेले पत्र हाती पडेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग निवालेला असे आणि वाचणाऱ्याची परिस्थिती पालटलेली असे. खुलासा पोचेपर्यंत दुसरा आरोप वाटेत असे. पत्रे ओळीने छापली की ती संवादासारखी वाचली जातात. प्रत्यक्षात ते परस्परांवर आदळत जाणारे दोन एकतर्फी प्रवाह होते. टपाल खात्यातील माणसाला डाकेचे हे गणित पाठ असणार. तरीही त्याची पत्रे तातडीच्याच सुरात असत, असे दिसते. या विलंबाला पत्राच्या घडणीचा भाग मानले तर आनंदीबाईंच्या उत्तरांतील तो प्रसिद्ध संयम निव्वळ स्वभावाचा गुण उरत नाही. दोन महिन्यांनी वाचले जाणारे वाक्य तेव्हाही खरे ठरले पाहिजे, अशा बेताने ते लिहिलेले असते.

५

गोपाळरावही अखेरीस अमेरिकेला गेले. नोकरी सोडून, पूर्वेकडील मार्गाने, ब्रह्मदेश आणि जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून ते तेथे पोचले आणि पत्नीच्या पदवीदानाच्या सुमारास ते तेथेच होते. वाटेत आणि तेथे त्यांनी व्याख्याने दिली. ज्या देशाने पत्नीला आश्रय दिला त्या देशाच्या धर्मावर आणि चालीरीतींवर त्यांनी जाहीर टीका केली आणि पत्नीच्या हितचिंतकांना अडचणीत टाकले. कादंबरी-नाटकांत हा भाग विक्षिप्तपणाचा कळस म्हणून येतो. तो विक्षिप्तपणा होताच. परंतु कुटुंबाच्या देशांतराच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. आधी आलेल्या पत्नीने त्या समाजात स्वतःचे स्थान मिळविले आहे, तिला मावशी आहे, गुरुस्थानी डीन रेचेल बॉडली आहेत, मैत्रिणी आहेत. आणि मागाहून आलेल्या पतीला तिचा नवरा यापलीकडे तेथे ओळख नाही. आज परदेशी नोकरीवर गेलेल्या पुरुषामागून जाणाऱ्या उच्चशिक्षित पत्नीच्या कोंडीविषयी बरेच बोलले जाते. या पहिल्या उदाहरणात ती कोंडी पतीच्या वाट्याला आली होती, आणि जुळवून न घेणे हाच त्याने तिच्यावर काढलेला तोडगा होता. आनंदीबाईंच्या जुळवून घेण्याला चरित्रकारांनी आज्ञाधारकपणा म्हटले आणि गोपाळरावांच्या न घेण्याला बंडखोरी. दोन्ही शब्द पुन्हा तपासून घ्यावे लागतील.

पुण्यातील पंचहौद मिशनचे चहा प्रकरण हा या कथेचा उत्तरार्ध मानला पाहिजे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनमध्ये पुण्यातील नामवंत मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला. या बैठकीमागे गोपाळराव होते आणि हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविणारेही तेच. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारे हे प्रकरण सामाजिक इतिहासात सविस्तर नोंदले गेले आहे. तेथे ते सनातनी आणि सुधारक यांच्या संघर्षाचे उदाहरण ठरते. परंतु ज्याच्या पत्नीला तीन वर्षे ताटातील प्रत्येक पदार्थाचा हिशेब द्यावा लागला, आणि तो हिशेब मागणाऱ्यांत जो स्वतः होता, त्याने पुढे एका पेल्यावरून साऱ्या शहराला हिशेब द्यावयास लावावे, यातील संगती डोळ्याआड करता येत नाही. ही संगती हेतुपुरस्सर होती असे म्हणण्यास पुरावा नाही. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिची नोंद तरी घ्यावी.

६

१८८३ याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या. रमाबाईंच्या परदेशवासातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा ग्रंथ निर्माण झाला. समाज, राज्यकारभार, स्त्रियांच्या चळवळी यांचे साक्षेपी निरीक्षण करणारा हा ग्रंथ मराठीतील परदेशविषयक गद्याचा मानदंड आहे. आनंदीबाईंनी असे काही लिहिले नाही. त्यांना वेळ मिळाला नाही हे उघड आहे. पण तेवढेच कारण नसावे. रमाबाईंनी स्वधर्माशी नाते तोडल्यामुळे, वैधव्यामुळे आणि कन्येची जबाबदारी एकटीवर असल्यामुळे त्यांना हिशेब द्यावयाचा तो स्वतःच्या विवेकापाशी होता. त्या बाहेर पाहू शकल्या. आनंदीबाईंकडे घरून कोणीतरी सतत पाहत होते. एकीचे ग्रंथरूप आणि दुसरीचे पत्ररूप हा केवळ आवडीचा किंवा आयुर्मर्यादेचा प्रश्न नव्हे. कोणाला कोणापुढे उभे राहून बोलावे लागते याचा तो प्रश्न आहे.

आनंदीबाईंच्या निधनानंतर वर्षभरात कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले (१८८८) आणि १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र आले. काशीबाईंचे काम अनेक अर्थांनी मोलाचे आहे. स्वतः पतीच्या इच्छेने लिहावाचावयास शिकलेल्या या लेखिकेने चरित्रनायिकेच्या पत्रांना भरपूर जागा दिली. आज जो मजकूर हाती आहे त्याचे बरेचसे श्रेय त्यांचे आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने हा विषय घराघरांत पोचविला. पुढे त्यावर नाटक झाले आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. कादंबरीचे सामर्थ्य गोपाळरावांच्या व्यक्तिरेखेत आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. पत्रांतील मजकूर कादंबरीत संवाद आणि प्रसंग होऊन येतो. तो जिवंत होतो. पण मधला समुद्र आणि मधले दोन महिने नाहीसे होतात. कथा दोन माणसांच्या झुंजीची होते, आणि लुगडे, चूल, पोस्टाचा शिक्का यांना नेपथ्याचे स्थान उरते. अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ या १९९७ मधील ग्रंथाने आणि मीरा कोसंबी यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘अ फ्रॅग्मेंटेड फेमिनिझम’ या इंग्रजी ग्रंथाने मूळ कागदपत्रांकडे परत जाण्याची वाट मोकळी केली आहे. आता मराठी विभागांनी करावयाचे काम पुढचे आहे. ही पत्रे पत्रे म्हणून वाचणे, दोन भाषांतील निवेदिकांची तुलना करणे, आणि त्यांच्या शेजारी याच परिसरातील घरांतून पडून असलेली विसाव्या शतकातील हवाई पत्रे ठेवून पाहणे. डोंबिवली-ठाण्याच्या जुन्या चाळी आणि सोसायट्या पुनर्बांधणीसाठी पाडल्या जात असताना माळ्यांवरचे हे कागद प्रथम रद्दीत जातात. त्या आधी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते उतरवून घेतले तर लघुप्रबंधासाठी विषय शोधत फिरण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. त्या वर्षाच्या अखेरीस पतिपत्नी परत आली, तेव्हा क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. कोल्हापूरचे काम सुरू झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले; वय बावीसलाही थोडे कमी. हिंदू म्हणून परत येण्याचा शब्द त्यांनी पाळला होता. त्यानंतर गोपाळरावांनी त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवण्यात आली. कल्याणच्या मुलीची स्मृतिशिला तेथे मावशीच्या घरच्या माणसांत उभी आहे.